वाचकांचे प्रश्न : झाडाखालचा वर्ग आणि दगडी मनोरा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की विद्यापीठाचं आवार हाही तिथला एक शिक्षक असतो, फक्त त्याला पगार नसतो. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी मान डोलावली, काहींनी चिमटे काढले. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा झाडांच्या बाजूने माझं माप थोडं झुकतं पडणार, हे धरूनच वाचा. पत्रं थोडक्यात करून देते आहे.

प्रश्न : मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एक जुनं विद्यापीठ, वस्तीपासून लांब, दाट झाडी, दगडी इमारती, काहींना ओल आलेली. दुसरं नवं, शहराच्या मधोमध, काचेची इमारत, सगळं वातानुकूलित. अभ्यासक्रम जवळपास सारखा. मुलगी पहिल्यावर अडून बसली आहे. घरातले म्हणतात, झाडं बघून कोणी नोकरी देत नाही. आवारामुळे शिकण्यात खरंच फरक पडतो का? — एक वडील

उत्तर : पडतो. घरातल्यांना वाटतो त्याहून जास्त आणि मुलीला वाटतो त्याहून कमी.

आधी मोजलेलं सांगते. १९९५ साली टेनेसन आणि सिंप्रिच या दोन अमेरिकन संशोधकांनी वसतिगृहात राहणाऱ्या ७२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडंझुडपं दिसत होती, ते लक्ष टिकवण्याच्या चाचण्यांत इतरांपेक्षा सरस निघाले. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या बर्मन, जोनिडीस आणि कॅप्लन यांनी विद्यार्थ्यांना एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा रहदारीच्या रस्त्यांवर पाऊण-एक तास चालायला पाठवलं. परत आल्यावर चाचणी अशी, की ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवायचे. झाडांतून आलेल्यांचे गुण स्पष्ट वाढले, रस्त्यावरून आलेल्यांचे तसे वाढले नाहीत. ऐन हिवाळ्यात कुडकुडत फिरलेल्यांना ती फेरी मुळीच आवडली नव्हती, तरी त्यांचेही गुण वाढले. झाडांची आवड असणं हीसुद्धा अट नाही म्हणायची. कॅप्लन यांची मांडणी अशी : अभ्यासासाठी आपण लक्ष जबरीने एका जागी धरून ठेवतो आणि ते थकतं. पानांची सळसळ, वाहतं पाणी मनाला अलगद गुंतवतं, तेवढ्यात त्या थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

पण असा विसावा कुठल्याही सार्वजनिक बागेत फुकट मिळतो. त्यासाठी चार वर्षांची फी भरायचं कारण नाही. विद्यापीठाच्या आवाराने यापुढचं एक काम करायला हवं : माणसांना एकमेकांच्या वाटेत आणणं. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन याने व्हर्जिनिया विद्यापीठ आखलं, तिथे १८२५ साली वर्ग सुरू झाले. मधोमध लांब हिरवळ, दोन्ही बाजूंना मिळून दहा घरं. प्राध्यापक वरच्या मजल्यावर राहणार आणि खाली शिकवणार. दोन घरांच्या मधल्या जागेत विद्यार्थ्यांच्या खोल्या, सगळ्यांना जोडणारी एकच ओसरी आणि हिरवळीच्या टोकाशी, जिथे त्या काळी चर्च असायचं, तिथे ग्रंथालय. प्राध्यापकाचा डोळा चुकवायचा म्हटलं तरी चुकवता येणार नाही. नालंदाच्या विहारांचे अवशेष पाहिलेत तर तिथेही खोल्या एका चौकाभोवती आहेत. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चौक, आणि चौकात कोणी ना कोणी असणारच.

म्हणून मुलीला घेऊन दोन्ही ठिकाणी कामाच्या दिवशी, दुपारी, न कळवता जा. पाहुण्यांसाठी सजवलेल्या दिवशी जाऊ नका. तास सुटल्यावर मुलं रेंगाळतात की फाटकाकडे पळतात? प्राध्यापक जिन्यात थांबून कोणाशी बोलताना दिसतो का? बसायचे बाक सावलीत आहेत की फुलांच्या ताटव्यांशेजारी रणरणत्या उन्हात? ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी दोनापेक्षा जास्त ठिकाणी दिसली तर मी त्या विद्यापीठाबद्दल जरा साशंक होते. आणि मुलीसाठी सगळ्यांत आधी हे पाहा : वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंतच्या रस्त्यावर रात्री दिवे असतात का? सात वाजता मुलींनी आत यायचं असा नियम जिथे आहे, तिथे ती पाचशे एकर झाडी तिच्या वाट्याला अर्धीच येणार.

ओल आलेल्या भिंतींचं काय? दगडी इमारतीचा रुबाब बघून गळकं छत आणि तुंबलेली स्वच्छतागृहं सोसायची नसतात. तिथल्या मुलींना विचारा, त्या खरं सांगतील.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवतो, नवा आहे. अधूनमधून झाडाखाली वर्ग घ्यावा असं वाटतं. सहकारी हसतात, ‘इथे शांतिनिकेतन करू नका’ म्हणतात. यातून खरंच काही साधतं, की नुसता देखावा होतो? — एक तरुण प्राध्यापक

उत्तर : सहकाऱ्यांना हसू द्या, पण शांतिनिकेतनाची गोष्ट त्यांना नीट सांगा. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकुर यांनी १८६३ मध्ये बोलपूरजवळ ती जागा घेतली तेव्हा तिथे तांबडा माळ होता आणि सातवीणीची दोन झाडं. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शाळा काढली, १९२१ मध्ये विश्वभारती उभी राहिली. १९२८ पासून तिथे वृक्षारोपणाचा उत्सव होतो आणि पदवी घेणाऱ्याच्या हातात सातवीणीची पानं देण्याची प्रथा आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली. फोटोत आपल्याला आमराईखाली बसलेली मुलं दिसतात. ती सावली बहुतेक सगळी माणसांनी हाताने लावलेली आहे, हे फोटोत दिसत नाही. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प तिथेच उघड्यावर उभं केलं, तेही सिमेंटमध्ये त्याच मातीतली तांबडी खडी कालवून. तिथला निसर्ग हा कामाचा कच्चा माल होता, त्यामुळे तो विद्यार्थ्यांच्या अंगी लागला.

तेव्हा तुमचा प्रश्न मी असा फिरवते : बाहेर जायला कारण आहे का? इटलीतल्या पादुआ विद्यापीठाने १५४५ मध्ये वनस्पती उद्यान केलं, ते कोणाला फेरफटका मारायला नव्हे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना जुन्या ग्रंथांतली औषधी वनस्पती नेमकी कुठली हेच ओळखता येत नव्हतं. नावं गोंधळलेली, एकासारखं दुसरं दिसतं, आणि चूक झाली तर रोगी जातो. म्हणून खरी झाडं समोर लावून दाखवायची. औषधी वनस्पतींना एवढी किंमत होती की रात्री चोऱ्या होऊ लागल्या, आणि बागेला गोल भिंत घालावी लागली. ती भिंत अजून आहे. १५८५ मध्ये लावलेला एक ताडवर्गी वृक्षही अजून आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी ग्योएटे तिथे आला, त्या झाडाच्या पानांचे बदलत जाणारे आकार पाहत थांबला, आणि वनस्पतींच्या रूपांतराविषयीचा त्याचा विचार त्यातून पुढे गेला. आता बागेच्या स्थापनेला पावणेपाचशे वर्षं होऊन गेली, तरी ती विद्यापीठाचीच आहे.

तुमच्या विषयात कारण कुठून आणायचं? आवारातच पडलं आहे. सामायिक साधनं, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं पाणी, कुरण, रान, लोक कशी सांभाळतात, यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा सिद्धान्त फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना वाहनतळ दाखवा. जागा कोणाची, नियम कोणी केले, मोडणाऱ्याला काय होतं, आणि सावलीतल्या जागा नेहमी त्याच गाड्यांना कशा मिळतात? विहीर किंवा तळं असेल तर उत्तमच. मग पानं झाडणाऱ्या बायांकडे वळा. त्या विद्यापीठाच्या नोकरीत आहेत की कंत्राटदाराच्या? कंत्राट किती महिन्यांचं? ज्या शांत, स्वच्छ वाटेचं आपण कौतुक करतो ती सकाळी सहाला कोण झाडतं आणि किती मजुरीवर, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक नसेल तर त्याने झाडाखाली बसून तरी काय करायचं?

आता थोडं व्यवहाराचं. पंचविसापेक्षा जास्त मुलं नेऊ नका, मागच्यांना ऐकू येत नाही. सूर्य तुमच्या तोंडावर येऊ द्या, मुलांच्या नको. पार असेल तर तुम्ही पारावर आणि मुलं जमिनीवर, हे टाळा. सगळे जमिनीवर बसा, बोलणी वेगळी होतात. सूत्रं सोडवायची असतील तर वर्गातच थांबा. वाचन, वाद, तोंडी परीक्षा यांना बाहेरची जागा मानवते. कोणाला कमी ऐकू येत असेल, कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल, तर त्यांना आधी विचारून जागा ठरवा. जाण्यापूर्वी मुंग्यांची वारुळं पाहून घ्या. आणि पाऊस आला की उठा. शांतिनिकेतनातही उठतात.

प्रश्न : इतिहासात पीएच.डी. करते आहे. विद्यापीठात पोचलेली घरातली मी पहिलीच. आमची मुख्य इमारत इंग्रजी अमलातली. रुंद जिना, उंच कमानी, भिंतीवर साहेबांची तैलचित्रं. सगळे तिथे उभं राहून फोटो काढतात. मला मात्र तो जिना चढताना कोणीतरी हटकेल असं वाटत राहतं. मार्गदर्शक म्हणतात, वारशाचा अभिमान बाळग. कशाचा बाळगू? — एक विद्यार्थिनी

उत्तर : अभिमान ही सक्तीची वर्गणी नाही. तुम्हाला वाटतं ते बरोबर वाटतं, कारण तो जिना तसंच वाटावं म्हणून बांधलेला आहे. राज्यकर्त्यांच्या इमारतींत जिन्याची रुंदी आणि छताची उंची ही चालणाऱ्याला लहान करण्यासाठीच ठरवलेली असते.

वर व्हर्जिनियाच्या आवाराचं मी कौतुक केलं. त्याचीच दुसरी बाजू इथे सांगते. ती सुंदर ओसरी, त्या विटा, ते स्वयंपाक आणि ती धुणी, सगळं गुलामांच्या कष्टांवर चाललं होतं. १८१७ पासून गुलामगिरी संपेपर्यंत तिथे राबलेल्यांची संख्या सुमारे ४,००० धरली जाते, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुठे नोंदलेली नाहीत. पुढे विद्यार्थ्यांनीच मागणी लावून धरली आणि २०२० मध्ये त्यांचं दगडी स्मारक पूर्ण झालं. युनेस्कोने १९८७ मध्ये त्या आवाराला जागतिक वारसा ठरवलं होतं. त्यानंतरही वारशाचा मोठा हिस्सा लिहायचा बाकी होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठात वेगळं घडलं. डोंगराच्या कुशीत, ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या जमिनीवर वसलेलं ते आवार. जगातल्या देखण्या आवारांत त्याचं नाव घेतात. तिथे दर्शनी भागी ऱ्होड्सचा पुतळा होता. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि ९ एप्रिलला पुतळा काढला गेला. हा पुतळा काढणं योग्य की अयोग्य यावर अजून वाद घालणारे आहेत. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की रोज शेजारून जाताना जी गोष्ट कोणी पाहत नव्हतं, तिच्यावर अख्खं विद्यापीठ बोलू लागलं. असे महिने एखाद्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकवून जातात.

आपल्याकडची उदाहरणं तर तुमच्याच विषयातली. आयआयटी खरगपूर १९५१ मध्ये सुरू झालं ते हिजली बंदिवासाच्या इमारतीत. त्याच जागी १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या होत्या, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्ता गेले. जिथे माणसं डांबली तिथे देशाचे अभियंते शिकू लागले. पुण्याला गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला मुक्काम असायचा. बार्टल फ्रियरच्या काळात, १८६०च्या दशकात तो प्रासाद सुरू झाला आणि त्यावरच्या खर्चाची ओरड पार इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेली. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुल्यांचं. औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये महाविद्यालय काढलं आणि त्याला मिलिंदाचं नाव दिलं, आवाराला नागसेनाचं. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खूने बिनदिक्कत उत्तरं द्यावीत, अशी ती जोडी. त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून लोकांनी काय काय सोसलं आणि १९९४ मध्ये नामविस्तार कसा झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. दगड तेच राहिले तरी त्यांच्यावर हक्क कोणाचा, हे बदलता येतं. तेही कागदोपत्री, नावाने, भांडून.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याकडे कधी मान वर करून पाहिलं आहे? आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं, १८७८ मध्ये पूर्ण. त्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. आत कोणाला प्रवेश होता आणि बाहेर कोण कोरलं गेलं, एवढ्यावर एक प्रकरण लिहून होईल.

तुम्ही इतिहासाच्या आहात, तेव्हा त्या जिन्याचे कागद काढा. दगड कुठल्या खाणीतून आला, पाथरवट कुठले, रोजंदारी काय होती, इमारतीसाठी कोणाच्या जमिनी गेल्या? बांधकाम खात्याच्या जुन्या नोंदी अभिलेखागारात सापडतात. सापडेल त्यातून दीड पानाची टिपण लिहा आणि जिन्याच्या पायथ्याशी ती लावायची परवानगी मागा. परवानगी मिळाली नाही, तर नकार लेखी घ्या. तोही एक दस्तऐवजच. आणखी एक पाहा : त्या सुंदर दालनाच्या किल्ल्या कोणाकडे असतात? जे दालन वर्षातून एकदा पदवीदानाच्या पाहुण्यांसाठी उघडतं आणि एरवी कुलूपबंद असतं, ते विद्यार्थ्यांसाठी जवळजवळ नसल्यातच जमा. तुमच्या विभागाचं साप्ताहिक चर्चासत्र तिथे घेऊ द्या, अशी मागणी करा. दर आठवड्याला ज्या जिन्यावरून आपण खुर्च्या वाहून नेतो, त्याची भीती फार काळ टिकत नाही.

प्रश्न : आमच्या आवारात साप निघतात. बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात. निसर्गाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लिहावं. — वैतागलेला वसतिगृहवासी

उत्तर : लिहिते. पवईचं आयआयटी तळ्याकाठी आणि राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी आहे, तिथे बिबट्या येतो. चेन्नईचं आयआयटी गिंडीच्या जंगलातून जागा काढून १९५९ मध्ये वसवलं, तिथे हरणं वसतिगृहांच्या दारात चरतात. केप टाउनला १८ एप्रिल २०२१ रोजी डोंगरावरचा वणवा विद्यापीठात उतरला आणि जॅगर ग्रंथालयाचं वाचनदालन जळालं. आफ्रिकेविषयीचा दुर्मीळ संग्रह त्यात गेला. आगीच्या वेळी आपोआप पडणाऱ्या दरवाजांमुळे काही भाग वाचला. निसर्गाशेजारी राहायचं तर अशी दारं आधी बसवावी लागतात, दुसरा इलाज नाही.

तुमच्यापुरतं : बिबट्या कुत्र्यांमागे येतो, कुत्री खरकट्यामागे येतात, आणि खरकटं खानावळीमागच्या उघड्या कुंडीत तुम्हीच टाकता. उंदरांचं आणि सापांचं तसंच. कुंडीला झाकण, रात्री हातात विजेरी, सर्पमित्राचा नंबर दारामागे. वन्यजीव विभागाला एकदा बोलावून सगळ्यांसमोर माहिती द्यायला लावा.

प्रश्न : नव्या संगणक इमारतीसाठी विद्यापीठ जुनी झाडं तोडणार आहे. प्रशासन म्हणतं, एकाच्या बदल्यात दहा लावू. आम्ही पर्यावरण मंडळाची मुलं विरोध करतो आहोत, पण ‘तुम्ही भावनिक होता’ असं ऐकवतात. काय करावं? — चार विद्यार्थी

उत्तर : भावना बाजूला ठेवा आणि टेप घ्या. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीला खोडाचा घेर, ढोल्या, घरटी, अंदाजे सावली, आणि नकाशावर जागा. ही यादी हाताशी असली की बैठकीत तुमचं ऐकतात, कारण प्रशासनाकडे बहुधा ती नसते. सोबत दुसरी यादी करा, ती जास्त उपयोगी पडते : कुठलं झाड कुठल्या विभागाच्या कुठल्या प्रात्यक्षिकात वापरलं जातं. ही यादी रिकामी निघाली, तर तुमच्या विद्यापीठाने इतकी वर्षं त्या झाडांना पडद्यासारखं वापरलं, हे उघड होईल. तेही कळलेलं बरं.

दहा रोपांचं आश्वासन आलं की तीनच गोष्टी विचारा. कुठे लावणार, पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार, आणि जगलेल्यांची मोजणी कोण करणार. लेखी.

आता तुम्हाला न आवडणारं सांगते. प्रत्येक झाडासाठी भांडू नका. ऑस्ट्रेलियन बाभळीची आणि गिरीपुष्पाची एकसुरी रांग गेली तर मला फार वाईट वाटणार नाही. वड, उंबर, मोह यांच्यासाठी मात्र फाटकावर बसा. आणि ‘झाडं वाचवा’ म्हणता म्हणता इमारत पलीकडच्या उघड्या माळावर ढकलू नका. माळ रिकामा नसतो. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती अशा गवताळ उतारांवर आणि सड्यांवरच वाढतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाने त्या हुडकून, आवारातल्या उद्यानात वाढवून, त्यांच्या संवर्धनाचं काम केलं आहे. कंद जमिनीखाली, वर वर्षातले काही महिने बारीकशी वेल. पडीक समजून कोणी बुलडोझर फिरवला तर कळणारही नाही काय गेलं.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने तर लाव्हाचं मैदान राखलं. शितले ज्वालामुखीच्या जुन्या लाव्हावर, १९५०च्या सुमारास, साठाहून जास्त वास्तुरचनाकारांनी मिळून ते आवार उभं केलं. ग्रंथालयाच्या चारही भिंतींवर हुआन ओ'गोर्मान यांनी देशभरातून आणलेल्या रंगीत दगडांची चित्रं जडवली. आवार वाढत गेलं तशी लाव्हावरची दुर्मीळ झाडोऱ्याची जागा आटू लागली, तेव्हा १९८३ मध्ये तिथे राखीव क्षेत्र जाहीर झालं. ते वाढत जाऊन आज २३७ हेक्टर आहे, शहराच्या पोटात. २००७ मध्ये आवाराचा मध्यभाग जागतिक वारसा झाला. ‘मोक्याची जागा वाया घालवता’ हे त्यांनाही ऐकावं लागलं असणार.

आणि कुलगुरूंना ऑक्सफर्डचं उदाहरण जरूर द्या. विद्यापीठाच्या ताब्यातल्या वायथम वनात १९४७ मध्ये डेव्हिड लॅक यांनी लाकडी पेट्या टांगून वल्गुली जातीच्या पक्ष्यांची वीण नोंदायला सुरुवात केली. ती नोंद आजतागायत चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्याच रानात त्याच पेट्या उघडत आले, म्हणून वसंत ऋतू लवकर येऊ लागल्यावर पक्षी अंडी कशी लवकर घालू लागले हे आकड्यांनी सांगता आलं. असं रान एकदा तोडलं की नवं लावता येईल, सत्तरहून जास्त वर्षांची वही नाही लावता येणार. तुम्ही मोजलेला घेर हे अशाच वहीचं पहिलं पान समजा. इमारत झाली, नाही झाली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा मोजा, आणि ती वही विभागाच्या ग्रंथालयात दाखल करून घ्या. मंडळाची मुलं पास होऊन निघून जातात, नोंदवही राहायला हवी.

प्रश्न : मी मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून शिकतो. मला ना झाडं, ना मनोरा. या सगळ्यात आमच्यासारख्यांचं काय? — एक दूरस्थ विद्यार्थी

उत्तर : काहीतरी हुकतं, ते मी गोड बोलून झाकत नाही. जिन्यात भेटलेला दुसऱ्या विषयाचा माणूस तुम्हाला भेटणार नाही. तो मुद्दाम गाठावा लागेल. अभ्यासकेंद्रावर येणाऱ्यांपैकी तिघाचौघांना धरून एक जागा आणि एक वेळ पक्की करा. जागा शक्यतो झाडांखालची. मिशिगनच्या चाचणीत कोणी ओळखपत्र मागितलं नव्हतं, बाग कुठलीही चालेल.

पण एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी कुठल्याही आवाराकडे नाही. तुम्ही विखुरलेले आहात. झाडांना पालवी, मोहोर, फळं कधी येतात हे टिपायचं तर शंभर ठिकाणी शंभर माणसं लागतात, आणि एका आवारातले शंभर विद्यार्थी तिथे कमीच पडतात. ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम देशभरात हेच करतो. एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा पाहायचं, पानं-फुलं-फळं किती ते नोंदवायचं. तुमच्या तुकडीने मिळून एकच जात घ्या, बहावा किंवा काटेसावर, आणि आपापल्या ठिकाणचं झाड धरा. आठवड्याचा वार ठरवून घ्या आणि तो शक्यतो बदलू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ताडून पाहताना तारखा जुळवत बसावं लागतं.